घरी निगेटिव्ह स्कॅन करताना उमटणारी नको ती नक्षी: शोधायची कशी, घालवायची कशी

नाशिकच्या जुन्या घरांत कपाटाच्या वरच्या कप्प्यात निगेटिव्हची पाकिटं हमखास सापडतात. २००३ च्या सिंहस्थातले रोल, रंगपंचमीला रहाडीत (रंगाच्या पाण्याच्या हौदात) उड्या घेणारी पोरं, लग्नानंतर काळारामाच्या दर्शनाला गेलेलं जोडपं. प्रिंट पिवळ्या पडल्या, काही नातेवाइकांनी नेल्या त्या परत आल्या नाहीत, पण निगेटिव्ह शिल्लक आहेत. हल्ली घरातलं कुणीतरी त्या संगणकावर घ्यायला बसतं. सुरुवातीच्या काही फ्रेम नीट येतात. मग एखाद्या फोटोच्या आकाशात रंगीत कडी उमटतात, कुणाच्या चेहऱ्यावरून पट्टे जातात, नाहीतर अख्ख्या फोटोवर जाळी पसरलेली दिसते.

इथे नवखा माणूस बहुधा निगेटिव्ह खराब झाली असं समजून ती बाजूला टाकतो, किंवा फोटोशॉपमध्ये ती नक्षी पुसत रात्र घालवतो. दोन्ही नका करू. त्या फोटोतली माणसं पुन्हा उभी करता येणार नाहीत, त्यामुळे निगेटिव्ह टाकणं तर नाहीच. आणि पुसून केलेली दुरुस्ती पुढच्या फ्रेमला पुन्हा करावी लागते, कारण नक्षी जिथून येते ती जागा तशीच राहिलेली असते. ती जागा चारपैकी एक असते: फिल्म स्वतः, फिल्म आणि काच यांच्यामधली फट, प्रकाश, किंवा सेन्सर आणि सॉफ्टवेअर. जागा कळली की उपाय सहसा साधा असतो.

आधी तपास

पायरी १. निगेटिव्ह कडेने धरून खिडकीच्या उजेडात बघा. भिंग नसेल तर ५० मिमीची लेन्स उलटी धरा, उत्तम भिंग होतं. आरपार बघून झालं की तिरपं करूनही बघा, कारण ओरखडे आणि पाण्याचे डाग तिरप्या उजेडातच चमकतात. डोळ्यांनाच नक्षी दिसली तर दोष फिल्मवर आहे. मग स्कॅनरशी खटपट करायची गरज नाही, थेट लेखाच्या शेवटच्या भागाकडे जा.

पायरी २. डोळ्यांना काही दिसत नसेल तर तीच फ्रेम एकदा स्कॅन करा, मग पट्टी १८० अंशांत फिरवून पुन्हा स्कॅन करा. दुसरा फोटो संगणकावर सरळ करून दोन्ही शेजारी लावा. समजा आजोबांच्या टोपीवर रेघ होती आणि फिरवल्यावरही ती टोपीवरच आहे, तर ती फिल्मवर आहे. टोपीवरची रेघ आता आजोबांच्या पायांपाशी गेली, म्हणजे स्कॅनच्या चौकटीत ती होती तिथेच राहिली, तर दोष यंत्रात किंवा प्रकाशात आहे. आणि नक्षीचा आकारच बदलला, कडी दुसरीकडे गेली, लहानमोठी झाली, तर ती फिल्म आणि काचेमधल्या फटीतून येते आहे.

पायरी ३. फिल्म न लावता, रिकामा होल्डर (पट्टी धरणारी चौकट) ठेवून स्कॅन घ्या आणि त्या कोऱ्या चित्राचा कॉन्ट्रास्ट भरपूर ताणा. यंत्रातली धूळ, पट्टे, कोपऱ्यांतला अंधार सगळं समोर येतं.

या तिन्ही पायऱ्यांत एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दिवा, होल्डर आणि सेटिंग एकदम बदललं तर नक्षी गेली तरी कशामुळे गेली ते कळत नाही. शेजारी वही ठेवा आणि काय बदललं ते लिहा.

रंगीत कडी: न्यूटनची वलयं

फ्लॅटबेड, म्हणजे सपाट काचेवर ठेवून स्कॅन करणारा स्कॅनर वापरणाऱ्यांना सगळ्यात जास्त छळणारी नक्षी हीच. फिल्मची चकचकीत बाजू काचेला जवळपास टेकली की मधे हवेचा अतिशय पातळ थर उरतो, प्रकाशाच्या तरंगलांबीच्या आसपासचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतका. काचेवरून परतलेला आणि फिल्मवरून परतलेला प्रकाश एकमेकांत मिसळतो. जिथे थराची जाडी जुळते तिथे उजळ पट्टा आणि जिथे जुळत नाही तिथे काळा. जाडी जागोजागी बदलते म्हणून कडी किंवा नकाशातल्या उंचीच्या रेषांसारखी नक्षी तयार होते. रंगीत स्कॅनमध्ये ती इंद्रधनुषी दिसते, कृष्णधवलमध्ये राखाडी. रॉबर्ट हूकने असे रंग १६६५ मध्ये नोंदवले होते, न्यूटनने नंतर ती वलयं मोजली आणि नाव त्याचं पडलं.

नाशिकमध्ये हा त्रास पावसाळ्यात वाढतो. जून ते सप्टेंबर हवेत ओल असते, फिल्मवरचा जिलेटिनचा थर पाणी धरतो, पट्टी मऊ पडते आणि मधोमध काचेवर लोंबते. मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत उलटा प्रकार होतो. जिलेटिन आकसतं, पट्टी गुंडाळी होते, आणि ती सपाट करायला आपण वरून काच ठेवतो. त्या काचेखालीही वलयं येतात. म्हणून ऋतू बघून काम करा. पावसाळ्यात स्कॅन करायचंच असेल तर निगेटिव्ह दोन-तीन दिवस घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा आणि लागेल तेवढीच पट्टी बाहेर काढा.

आता उपाय, ज्या क्रमाने करून बघावेत त्या क्रमाने:

पहिला, फिल्म काचेवर थेट ठेवू नका. स्कॅनरसोबतचा होल्डर पट्टीला काचेपासून काही मिलिमीटर वर धरतो. तो हरवला असेल तर काळ्या जाड कार्डशीटची चौकट कापा आणि दोन-तीन थर चिकटवून उंची मिळवा. उंची बदलली की फोकसही बदलतो, त्यामुळे एक थर वाढवत, दरवेळी एकच फ्रेम स्कॅन करत, सगळ्यात स्पष्ट कुठे येतं ते शोधा. यात एक संध्याकाळ जाते, पण पुढच्या सगळ्या रोलना तीच चौकट चालते.

दुसरा, पट्टी उलटी ठेवा. फिल्मच्या दोन बाजू सारख्या नसतात. एक चकचकीत, दुसरी मंद. प्रतिमा मंद बाजूवर असते. कडेचे आकडे सरळ वाचता येत असतील तर चकचकीत बाजू तुमच्याकडे आहे. मंद बाजू किंचित खरबरीत असल्यामुळे काचेला लागली तरी वलयं सहसा होत नाहीत. तेव्हा मंद बाजू खाली ठेवून स्कॅन करा आणि फोटो संगणकावर आडवा उलटवा. उलटवायचं विसरलात तर लग्नातल्या सगळ्या बायकांचे पदर उजव्या खांद्यावर जातील आणि दुकानांच्या पाट्या वाचता येणार नाहीत, म्हणून अशा फायलींच्या नावातच ‘उलट’ असं लिहून ठेवा.

तिसरा, पट्टी सपाट करा. कागदाच्या पाकिटात सरळ ठेवून वर जाडजूड पुस्तकांची थप्पी रचा. चार-पाच दिवसांनी बराच फरक पडतो. इस्त्री, हेअर ड्रायर किंवा ऊन यांच्या वाटेला जाऊ नका.

चौथा, अँटी-न्यूटन काच. हिच्या एका बाजूला अगदी बारीक खरबरीतपणा असतो आणि ती बाजू फिल्मच्या चकचकीत बाजूकडे ठेवायची. एपसनच्या व्ही८०० आणि व्ही८५० सोबतच्या होल्डरमध्ये अशा पृष्ठभागाचं अ‍ॅक्रिलिक येतं. फोटो फ्रेम करणाऱ्यांकडची नॉन-ग्लेअर काचही काही जण वापरतात. तिचा पोत जाड असतो, मोठ्या करून बघितलेल्या फोटोत तो उमटू शकतो, त्यामुळे आधी एका कमी महत्त्वाच्या फ्रेमवर बघा आणि मगच सगळ्या रोलला लावा.

जाळी आणि पट्टे: कॅमेऱ्याने स्कॅन करणाऱ्यांसाठी

स्कॅनर विकत घेण्यापेक्षा घरातला डिजिटल कॅमेरा, मॅक्रो लेन्स आणि खालून उजेड, असा घाट बरेच जण घालतात. माझ्या मते ३५ मिमी फिल्मसाठी ही पद्धत साध्या फ्लॅटबेडपेक्षा सरस आहे. फक्त उजेडाचं गणित नीट बसवावं लागतं.

सुरुवातीला लोक मोबाइल किंवा टॅबलेटचा पडदा पांढरा करून त्यावरच पट्टी ठेवतात. फोटोवर लगेच जाळी येते. पडदा हजारो बारीक लाल, हिरव्या, निळ्या ठिपक्यांचा असतो, कॅमेऱ्याच्या सेन्सरवरही चौकटी असतात, आणि एका मच्छरदाणीवर दुसरी धरली की लाटा दिसतात तशा या दोन जाळ्या मिळून तिसरीच नक्षी तयार करतात. तिला मॉरे म्हणतात. सॉफ्टवेअरमधून ती काढायला गेलं तर फोटोतला तपशीलही पुसला जातो.

ती टाळायला पट्टी पडद्यापासून दोन-तीन सेंटिमीटर वर उचला आणि मधे दुधी अ‍ॅक्रिलिकची ३ मिमी जाडीची शीट घाला. मॅक्रो लेन्सने इतक्या जवळून फोटो काढताना फोकसची खोली एखाद-दोन मिलिमीटरच असते, त्यामुळे खालचे ठिपके पुरते विरून जातात. दुकानांचे ग्लो साइनबोर्ड बनवणाऱ्यांकडे असं अ‍ॅक्रिलिक असतं आणि हाताएवढा तुकडा त्यांच्या कचऱ्यातून निघतो. दुधी शीटवर ओरखडा असला तर तोही कधीकधी पुसट सावलीसारखा उमटतो, म्हणून घेताना दोन्ही बाजूंचा संरक्षक कागद शाबूत असलेला तुकडा मागा.

पट्ट्यांचं कारण वेगळं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त एलईडी दिवा सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. मंद करता येणारे बरेच एलईडी पॅनलही मंद केल्यावर मुळात भराभर चालू-बंद होत असतात. डोळ्याला ते कळत नाही, पण कॅमेऱ्याचा इलेक्ट्रॉनिक शटर सेन्सर ओळीओळीने वाचतो. काही ओळींना उजेड जास्त मिळतो, काहींना कमी, आणि फोटोवर समांतर पट्टे पडतात. ओळख सोपी आहे: शटरचा वेग बदलला की पट्ट्यांची रुंदी किंवा गडदपणा बदलतो.

पॅनल पूर्ण उजेडावर ठेवा. कॅमेरा आयएसओ १०० वर, लेन्स एफ ८ वर, आणि शटर अर्ध्या सेकंदाच्या आसपास येईल अशी मांडणी करा. उजेड जास्त होत असेल तर पॅनल मंद करू नका, अ‍ॅक्रिलिकची आणखी एक शीट घाला. अर्ध्या सेकंदात दिव्याची पन्नासेक स्पंदनं होऊन जातात आणि सगळ्या ओळींना उजेड सारखा मिळतो. मेकॅनिकल शटर असेल तर तो निवडा. एवढ्या लांब वेळेत कॅमेरा हलला तर फोटो गेला, म्हणून सेल्फ-टायमर लावा, आणि ज्या टेबलावर काम चालू आहे त्याला कुणी टेकणार नाही असं घरात सांगून ठेवा.

खोलीतला उजेड बंद करा. फिल्मची चकचकीत बाजू आरशासारखी वागते. ट्यूबलाइट चालू असली तर तिचा पट्टा, पांढरा शर्ट असला तर त्याची आकृती, आणि डोक्यावर पंखा फिरत असला तर त्याची फिरती सावली, सगळं फोटोत येतं. पट्टीच्या बाजूने सुटणारा उजेडही लेन्समध्ये शिरून फोटो धुरकट करतो, म्हणून फ्रेमएवढी खिडकी सोडून बाकी पॅनल काळ्या कागदाने झाका.

हा काळा कागद आणखी एका नक्षीवर लागू पडतो. काही फोटोंत वरच्या आणि खालच्या कडेला ठरावीक अंतराने गडद ठिपके किंवा बोटं आत आलेली दिसतात. ३५ मिमी फिल्मला प्रत्येक फ्रेमच्या दोन्ही कडांना आठ-आठ भोकं असतात, दोन भोकांच्या मध्यांमधलं अंतर ४.७५ मिमी. भोकांतून नागडा उजेड येऊन आत पसरतो आणि निगेटिव्हचे रंग उलटवून पॉझिटिव्ह केल्यावर तो गडद दिसतो. भोकं झाकल्यावर ठिपके गेले तर प्रश्न मिटला. ठिपके गडदऐवजी उजळ असतील आणि भोकं झाकूनही राहिले तर रोल धुताना टाकी जास्त जोरात हलवली गेली असावी आणि भोकांतून रसायन वेगाने वाहिलं असावं. ते फिल्मवर कायमचं आहे, स्कॅन करताना त्यावर इलाज नाही.

फोटोचे चारही कोपरे जास्त उजळ येत असतील तर खालचा उजेड कोपऱ्यांत कमी पडतोय. निगेटिव्हमध्ये कमी उजेड म्हणजे उलटल्यावर जास्त उजेड. फिल्म काढून रिकाम्या पॅनलचा एक फोटो त्याच सेटिंगवर घ्या. लाइटरूम, रॉथेरपीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये त्यावरून सगळ्या रोलची दुरुस्ती करता येते.

एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ रेघ

फ्लॅटबेडवर प्रत्येक फ्रेममध्ये एकाच जागी, स्कॅनचं डोकं सरकतं त्या दिशेने, फूटपट्टीने ओढल्यासारखी रेघ दिसली की लोक काच पुसत बसतात. काचेवरच्या धुळीचा ठिपका दिसतो, रेघ नव्हे. रेघेचं मूळ कॅलिब्रेशनच्या जागेत असतं. स्कॅन सुरू होण्याआधी यंत्र फिल्मच्या वरच्या बाजूला असलेल्या मोकळ्या पट्ट्यातून उजेड बघतं आणि सेन्सरच्या प्रत्येक घराची संवेदनशीलता ठरवतं. तिथे एक केस पडला असेल तर त्याखालच्या घराला उजेड कमी मिळतो, यंत्र त्याची भरपाई जास्त करतं, आणि ती चूक पूर्ण लांबीभर ओढली जाते. पॉझिटिव्ह केलेल्या फोटोत ही रेघ काळपट दिसते.

रबरी ब्लोअरने ती जागा साफ करा, मग मायक्रोफायबरने हलक्या हाताने. तोंडाने फुंकू नका, थुंकीचा कण पडतो. झाकणातल्या दिव्याची काचही तितकीच महत्त्वाची आहे. होल्डर घरी बनवला असेल तर तो कॅलिब्रेशनच्या जागेवर येत नाही ना ते बघा, नाहीतर सगळे रंगच बिघडतात. साफ केल्यावर यंत्र बंद करून पुन्हा सुरू करा.

रेघ मात्र रोलच्या लांबीनेच धावत असेल, आणि पायरी २ मध्ये ती फिल्मसोबत फिरली असेल, तर तो ओरखडा आहे. कॅसेटच्या मखमलीत अडकलेल्या खड्याने तो पडतो.

सॉफ्टवेअरने आणलेली नक्षी

कृष्णधवल निगेटिव्हवर धूळ घालवण्याचं डिजिटल आइस चालू ठेवू नका. ते अवरक्त किरणांनी धूळ ओळखतं. रंगीत फिल्ममधले रंग ते किरण आरपार जाऊ देतात, पण कृष्णधवल फिल्ममधली चांदी अडवते, आणि यंत्राला सगळं चित्रच धूळ वाटतं. चेहऱ्यांच्या कडा कुरतडल्यासारख्या होतात. इलफर्ड एक्सपी२ सारखी, रंगीत रसायनात धुतली जाणारी कृष्णधवल फिल्म याला अपवाद.

आकाशात पायऱ्या दिसत असतील तर ८ बिटमध्ये स्कॅन केलंय. निगेटिव्हचे स्वर आधीच अरुंद पट्ट्यात असतात, ते ताणले की २५६ पायऱ्या अपुऱ्या पडतात. १६ बिट निवडा, टिफ या फाइलप्रकारात साठवा, कॅमेऱ्याने काढत असाल तर रॉ फाइलमध्ये. ३२०० डीपीआयला एक रंगीत ३५ मिमी फ्रेम साधारण ८० एमबी होते, तेवढी डिस्क लागणारच.

दाणे वाळूसारखे जाडे दिसत असतील तर रिझोल्यूशन वाढवून स्कॅन करा आणि मग फोटो लहान करा. स्कॅनरचं शार्पनिंग बंद ठेवा.

फिल्मवरच असलेली नक्षी

फांद्या फुटलेल्या कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी आहे. पाण्याने धुऊ नका. बुरशी जिलेटिन पोखरते आणि मग ते पाण्यात विरघळू शकतं, बुरशीसोबत चित्रही जातं. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल मोबाइल दुरुस्तीचं सामान विकणाऱ्यांकडे मिळतं. मऊ कापसाच्या बोळ्याने आधी चकचकीत बाजूच्या कोपऱ्यात लावून बघा, खिडकी उघडी ठेवा, गॅस आणि उदबत्ती लांब.

गोल, कडा असलेले पुसट डाग पाण्याचे. स्टुडिओत किंवा घरी रोल बोअरच्या जड पाण्यात धुतला की सुकताना क्षार राहतात. चकचकीत बाजूचा डाग ओलसर श्वास सोडून मायक्रोफायबरने टिपला तरी बहुधा निघतो. मंद बाजूचा निघत नसेल तर कृष्णधवल पट्टी डिस्टिल्ड पाण्यात वेटिंग एजंटचे (फिल्मवर पाण्याचे थेंब साचू न देणाऱ्या द्रावणाचे) थेंब टाकून पुन्हा भिजवा आणि धूळ नसलेल्या जागी टांगून वाळवा. जुन्या रंगीत निगेटिव्हला मात्र उगाच पाणी दाखवू नका. त्या काळी शेवटी दिलेलं स्टॅबिलायझर रंग टिकवण्याचं काम करतं, ते धुऊन निघेल.

गोदावरीच्या पुरात, २००८ च्या किंवा २०१६ च्या, ज्यांच्या तळघरात पाणी शिरलं त्यांच्याकडची पाकिटं वेगळी हाताळावी लागतात. पट्ट्या प्लॅस्टिकला चिकटून वाळलेल्या असतात. ओढल्या की प्रतिमेचा थर प्लॅस्टिकसोबत येतो. आधी अगदी बिनमहत्त्वाची पट्टी निवडा, बुरशी नसल्याची खात्री करा, आणि पाकिटासकट गार डिस्टिल्ड पाण्यात बुडवा. प्लॅस्टिक आपणहून सुटेपर्यंत थांबा, तास-दोन तास लागले तरी. सुटल्यावर गाळ बोटाने चोळू नका, पाणी बदलत हलवून जाऊ द्या. रंगीत पट्ट्यांनाही इथे पाणी दाखवावंच लागतं, कारण दुसरा रस्ता नाही.

डबा उघडताच व्हिनेगरचा वास आला तर अ‍ॅसिटेट फिल्म कुजते आहे. थर सुटून नागमोडी वळ्या पडतात आणि स्कॅनमध्ये त्या सुरकुत्या नक्षीसारख्या दिसतात. अशा पट्ट्या बाकीच्यांपासून लगेच वेगळ्या करा, कारण तो वास शेजारच्या चांगल्या फिल्मलाही बाधतो, आणि स्कॅनच्या रांगेत त्यांना पहिला नंबर द्या.

आणि कुठलीही साफसफाई सुरू करण्याआधी त्या फ्रेमचा आहे तसा एक स्कॅन घ्या, डागांसकट. अल्कोहोलने किंवा पाण्याने काही बिघडलंच तर तुमच्याकडे निदान ती प्रत असेल. साफ झालेल्या पट्ट्या जुन्या प्लॅस्टिकच्या पाकिटात परत घालू नका. आम्लविरहित कागदाच्या पाकिटात घाला, वर रोलचं वर्ष आणि प्रसंग पेन्सिलीने लिहा, आणि ओल न येणाऱ्या भिंतीच्या कपाटात, सिलिका जेलसोबत ठेवा. पुड्या ओल धरून निकामी झाल्या की दर पावसाळ्याच्या आधी बदला.